पाच मेची पंगत

आमच्या गावाचं नाव नोव्हाय. मिशिगन राज्यात, डेट्रॉईटच्या वायव्येला. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांच्या कचेऱ्या आणि त्या कचेऱ्यांत काम करणारे पुणेकर, नागपूरकर यांनी गाव भरलेलं. नावाबद्दल इथे एक आख्यायिका सांगतात. ग्रँड रिव्हर नावाच्या जुन्या रस्त्यावरचा हा सहावा नाका. पाटीवर 'नंबर'चं आखूड रूप 'नो' आणि पुढे रोमन सहा, म्हणजे 'व्ही' आणि 'आय'. ते कोणीतरी सलग वाचलं आणि गावाचं बारसं झालं. अभ्यासकांना ही गोष्ट फारशी पटत नाही, पण बारशाच्या गोष्टी अभ्यासकांना विचारून थोड्याच सांगायच्या असतात!

तर अशा या सहा नंबरच्या गावात पाच तारखेचा सण करायची जबाबदारी माझ्यावर आली. ऑफिसच्या सोशल कमिटीची बैठक चालू असताना मी चहा आणायला गेलो होतो. गैरहजर माणसाची एकमताने निवड होते, हा नियम वर्ध्याच्या गणेशोत्सव मंडळापासून मिशिगनपर्यंत सगळीकडे एकच आहे. परत आलो तेव्हा टाळ्या चालू होत्या. पाच मेला 'सिंको दे मायो', म्हणजे मेक्सिकन थाटाचं जेवण. आणि आदल्या वर्षीच्या घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी निघाल्यामुळे या वर्षी सगळं जेवण व्हीगन. आणि बजेट नसल्यामुळे सजावट घरी केलेली. तीन अटी आणि एक मी.

"तुम्हा लोकांना तिखटाची सवय असते," कमिटीच्या अध्यक्षबाईंनी कारण दिलं. त्यावर काय बोलणार? चहा घेतला.

त्याच संध्याकाळी उत्साहाच्या भरात मी सगळ्या ऑफिसला निमंत्रण धाडलं : 'या, मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन साजरा करू या.' दहा मिनिटांत एकच उत्तर आलं. ते आमच्या क्वालिटी विभागातल्या बाईंचं. त्या मूळच्या पुएब्ला शहरच्या. त्यांचं आडनाव दोन पदरी आहे आणि माझ्या तोंडात ते बसत नाही, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना पुएब्लाकर बाई म्हणतो. त्यांनी फार सभ्यपणे लिहिलं होतं : 'आमचा स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबरला असतो. पण बोलावलंत याचा आनंद आहे. मी येईन.'

सभ्य माणसाने चूक दाखवली की ती जास्त झोंबते. रात्री बसून इतिहास वाचला. ५ मे १८६२ रोजी पुएब्लाजवळ जनरल इग्नासिओ झारागोसा यांच्या तुटपुंज्या फौजेने तिसऱ्या नेपोलियनच्या फ्रेंच सैन्याला परतवून लावलं. त्या काळी फ्रेंच सैन्य म्हणजे जगातलं पहिल्या प्रतीचं सैन्य, त्यामुळे त्या दिवशी पुएब्लात काय आनंद झाला असेल! पण पुढल्याच वर्षी फ्रेंच जास्त कुमक घेऊन आले, त्यांनी पुएब्ला घेतलं, राजधानीही घेतली, आणि मेक्सिकोच्या गादीवर मॅक्सिमिलियन नावाचा एक ऑस्ट्रियन राजपुत्र आणून बसवला. त्याला हटवायला १८६७ उजाडावं लागलं. म्हणजे पाच मे हा जिंकलेल्या युद्धाचा दिवस नव्हे, जिंकलेल्या एका लढाईचा. आपल्या वडगावसारखं. १७७९ साली वडगावला मराठ्यांनी इंग्रजांची दाणादाण उडवली, तह लिहून घेतला. पुढे काय झालं ते आपण जाणतोच. वडगावचा विजय म्हणून शिकागोतल्या बारमध्ये दरवर्षी लोक मोठ्या टोप्या घालून बिअर पिऊ लागले, तर तळेगावकरांना जसं वाटेल, तसं पुएब्लाकरांना अमेरिकेतला सिंको दे मायो पाहून वाटत असावं. खुद्द मेक्सिकोत हा दिवस मुख्यतः पुएब्लातच साजरा होतो. इकडे मात्र गेल्या काही दशकांत बिअरवाल्यांनी त्याला घरोघर पोचवलं.

मी दुरुस्तीचं पत्र पाठवलं. आणि टोप्या व चिकटवायच्या मिशा आणू नयेत, अशी एक ओळ खाली जोडली. परक्या माणसांनी फेटे बांधून, कपाळावर टिकल्या चिकटवून 'बॉलिवूड नाइट' केली की आपण कसं हसतो, ते आठवलं. दात दिसतात, पण ते हसू नसतं.

आता प्रश्न व्हीगनचा.

मी पंधरा वर्षं अमेरिकेत शाकाहारी म्हणून मिरवलो आहे. सँडविचमधून काय काय काढायचं ते सांगताना माझ्या आवाजात एक सात्त्विक कंप येतो, असं बायको म्हणते. त्या सात्त्विकतेला पहिला तडा आमच्या टेस्टिंग विभागातल्या दाढीवाल्याने दिला. तो व्हीगन आहे. जेवणाच्या सुट्टीत त्याने माझ्या डब्यात डोकावून विचारलं, "हे पांढरं काय?"

"पनीर."

"कशाचं?"

"दुधाचं."

"आणि वर चमकतंय ते?"

"तूप. तेही... दुधाचंच."

"पण गाय तुमच्यात देवासारखी ना?"

"हो, म्हणूनच," मी म्हणालो. हे उत्तर मला तेव्हा पुरेसं वाटलं होतं.

व्हीगन हा शब्द १९४४ मध्ये इंग्लंडातल्या डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मित्रमंडळींनी रूढ केला. 'व्हेजिटेरियन' या शब्दाचं डोकं आणि शेपूट घेऊन जोडलं, मधला भाग गाळला. मधल्या भागात दूध, दही, ताक, लोणी, खरवस असं माझं सगळं बालपण होतं. मधसुद्धा त्या मधल्या भागातच गेला.

आई तेव्हा आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आली होती. वर्ध्याची. तिला मी समजावून सांगितलं की पन्नास माणसांचा स्वयंपाक करायचा आहे आणि त्यात दूध नाही, दही नाही, तूप नाही, लोणी नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग आमच्या लहानपणी आम्ही काय जेवत होतो रे? तूप फक्त बाबांच्या वाटीत. आम्हाला सणाला. भाकर, पिठलं, ठेचा, फोडणीचं वरण, भरल्या वांग्याची भाजी. सगळं तेलातलं. याले नाव आहे म्हणतो इंग्रजीत?"

नाव आहे म्हटलं.

"बाप्पा!" आई म्हणाली. गरिबीला एवढं चांगलं नाव मिळालेलं तिला पहिल्यांदाच कळत होतं.

आईचं बोलणं मी पुएब्लाकर बाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी मान हलवली. त्यांच्याकडेही असंच. स्पॅनिश लोक १५१९ मध्ये उतरले आणि त्यांच्या मागोमाग गाई, डुकरं, गहू आले. त्याआधीच्या मेक्सिकोत टर्की होती, मासे होते, नाकतोडेही लोक चवीने खात. पण दूध नव्हतं, चीज नव्हतं, चरबीत परतणं नव्हतं. मका, घेवडा, भोपळा, मिरची, टोमॅटो एवढ्यावर साम्राज्यं उभी राहिली. पहिली तीन तर शेतातसुद्धा एकत्र वाढत : मक्याच्या धांड्यावर घेवड्याचा वेल चढतो, खाली भोपळ्याची पानं जमीन झाकून ओल धरतात. त्या शेताला 'मिल्पा' म्हणतात. म्हणजे व्हीगन मेक्सिकन जेवण ही काही कॅलिफोर्नियातली नवी टूम नव्हे. चीजने झाकून गेलेलं जुनं जेवण आहे. वरचं चीज खरवडलं की खाली पणजी सापडते.

बाईंनी मला टॉर्टियासाठी लागणाऱ्या पिठाचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. शनिवारी बायकोने दुकानातून पिशवी आणली आणि ओट्यावर ठेवत मोठ्याने वाचलं, "मासा हरिना."

देवापुढे वाती करत बसलेल्या आईचा हात थांबला. "मासा? अन् हरीण? अरे, तो माणूस दूधसुद्धा पीत नाही ना?"

मासा म्हणजे भिजवून दळलेल्या मक्याचा उंडा आणि हरिना म्हणजे पीठ, हे तिला पटवेपर्यंत चहा निवला. त्यातही 'ह' म्हणायचा नसतो, 'आरिना' म्हणायचं असतं, हे मला नंतर कळलं. निदान हरीण तरी वाचलं असतं.

पण त्या पिठाची कृती ऐकल्यावर मात्र आई सरसावून बसली. तिकडे मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, मग धुऊन साल काढून पाट्यावर वाटतात. पाटा, वरवंटा हुबेहूब आपल्यासारखे. फक्त त्यांच्या पाट्याला तीन पाय असतात. चुन्यामुळे मक्यातलं एक जीवनसत्त्व मोकळं होतं. युरोपीय लोकांनी मका नेला पण ही कृती नेली नाही, आणि इटली-स्पेनमधली नुसत्या मक्यावर जगणारी गरीब माणसं पेलाग्रा नावाच्या रोगाने अंगाची सालं निघून मेली. "निवळीशिवाय मका खाल्ला?" आई म्हणाली. तिच्या आईने तिला चुन्याची निवळी पाजली होती. तिच्या दृष्टीने हा प्रश्न तिथेच मिटला. शहाणी माणसं चुना वापरतात.

जेवणाची यादी करायला आम्ही तिघं बसलो. टाको करायचे ठरले, तर आत काय? इथे व्हीगन लोक मांसाऐवजी डब्यातला कोवळा फणस वापरतात. शिजवून धागे काढले की मांसासारखा दिसतो म्हणे. बायको सावंतवाडीची. तिने डबा उघडला, एक फोड उचलली आणि म्हणाली, "अहो, ही तर कुयरी! हिची भाजी आम्ही शेंगदाणे घालून करतो. हिला डुकराचं सोंग कशाला द्यायचं?" त्या फणसाची बाजू घेऊन कोणीतरी असं बोलायला हवंच होतं. मग कुयरी कुयरीसारखीच करायची ठरली. फक्त खोबऱ्याऐवजी टोमॅटो आणि धुरावलेली सुकी मिरची.

दह्याऐवजी काजू वाटून आंबट करायचे. घेवड्याची उसळ तेलात. भोपळा भाजून. ग्वाकामोले. आणि गोड? इथे गाडी अडली. सगळ्या गोडांत दूध. आई म्हणाली, "उपासाचं कर ना काही."

मी वहीत लिहू लागलो : साबुदाणा, बटाटे, रताळी, शेंगदाणे, हिरवी मिरची, राजगिरा. आणि हात थांबला. कारण आठवडाभर मी पुएब्लाकर बाईंचं ऐकत होतो आणि ग्रंथालयातून पुस्तकं आणत होतो. बटाटा दक्षिण अमेरिकेतला. रताळं, शेंगदाणा तिकडचे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा तिकडचा. मिरची मेक्सिकोची, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्याला उतरवली, आणि आपण तिला मिऱ्याचं नाव चिकटवून मिरची केली. राजगिराही मूळचा तिकडचाच. म्हणजे एकादशीच्या ताटातून अमेरिका उचलून घेतली, तर वरीचे तांदूळ आणि पुण्य एवढंच उरेल.

हे मी वाचून दाखवलं तेव्हा आई गप्प झाली. मला वाटलं दुखावली. ती म्हणाली, "आणखी काय काय त्यांचं?"

मग मीही सांगत सुटलो. पेरू. त्याच्या नावातच एक देश आहे, फक्त तुम्ही वर्ध्याचे लोक त्याला जाम म्हणता, म्हणून तुमच्या लक्षात आलं नाही. पपई. अननस. चिकू. काजू. सीताफळ आणि रामफळ, थेट अयोध्येत नावं नोंदवून बसलेली फळं, तीही तिकडची. दसऱ्याला दारावर लावतो तो झेंडू मेक्सिकोचा; तिथे त्याच्या नावाचा अर्थ 'वीस फुलं' असा होतो, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला पितर घरी येतात तेव्हा त्यांना वाट दिसावी म्हणून त्याच्या पाकळ्या अंथरतात.

"पितर येतात?" आईने फक्त तेवढंच विचारलं. "जेवायला?"

"हो. त्यांच्या आवडीचं करून ठेवतात."

"मग आपलेच लोक आहेत," आई म्हणाली आणि राजगिऱ्याचे लाडू करायचे ठरले. गुळाचे.

सजावटीचं खातं आईनेच मागून घेतलं. मेक्सिकोत सणाला 'पापेल पिकादो' लावतात. पातळ रंगीत कागदाच्या थप्पीवर नक्षी ठेवून छिन्नी-हातोडीने एका दमात चाळीस-पन्नास कागद कोरतात आणि दोरीवर ओळीने चिकटवतात. पुएब्ला राज्यातलं उइशकोलोत्ला हे गाव त्या कामासाठी नावाजलेलं आहे. आमच्याकडे छिन्नी नव्हती, कात्री होती; आणि आईकडे महालक्ष्म्यांच्या मखराला साठ वर्षं पताका लावलेला हात होता. कागदाला घडी, घडीला घडी, आणि कडेकडेने कात्री. मी नेटवरून काढलेले नमुने तिच्यापुढे ठेवले. तिने एक कागद उचलला आणि खाली ठेवला.

"कवट्या कायले लावून राहिला रे ऑफिसात?"

कवट्या नोव्हेंबरच्या, पितरांच्या, हे मला पुएब्लाकर बाईंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. आईला ते आधीच कळलं होतं. मग तिने मनाने कातरायला घेतलं. पहिली पताका उलगडली. राणी रंगाच्या कागदावर चारी बाजूंनी वेलबुट्टी आणि मधोमध ठसठशीत स्वस्तिक. आई कौतुकाची वाट बघत होती. त्या चिन्हाचं या देशात काय झालं, जर्मनीत त्याखाली काय झालं, हे सत्तरी ओलांडलेल्या आईला सांगताना मला माझाच आवाज परका वाटला. तिने सगळं ऐकून घेतलं. "शुभ गोष्ट चोरली कोणी, अन् लपवायची आपण," एवढंच म्हणाली आणि ती पताका देव्हाऱ्यामागे लावली. पुढच्या पताकांवर मोर आले, कोयऱ्या आल्या, पोपट आले. मैद्याची खळ शिजली. सुतळी जेवणघरातून जिन्यापर्यंत गेली आणि आठ दिवस आम्ही वाकून चाललो.

या कागदाला मेक्सिकोत 'चिनी कागद' म्हणतात. १५६५ पासून १८१५ पर्यंत मनिला आणि अकापुल्को यांच्यामध्ये स्पॅनिश गलबतं ये-जा करत. रेशीम, मसाले, चिनी मातीची भांडी इकडून जात, चांदी तिकडून येई. पूर्वेकडून जे येईल ते चिनी. माणसंसुद्धा. सतराव्या शतकात अशीच एक भारतातली मुलगी, पळवून आणलेली, कोचीवरून मनिला आणि मनिलावरून अकापुल्को अशी विकली जाऊन पुएब्लात पोचली. तिथे तिचं नाव कातारिना दे सान हुआन ठेवलं. ती १६८८ मध्ये वारली तेव्हा सारं शहर तिला संत मानत होतं. लोक तिला 'पुएब्लाची चिनी बाई' म्हणत, आणि मेक्सिकोचा तो प्रसिद्ध घेरदार, टिकल्या लावलेला परकर तिच्यावरूनच आला असं सांगतात. इतिहासकार नाही म्हणतात. पण ती तिथे होती, हे तेही नाकारत नाहीत. पुएब्लाकर बाई म्हणाल्या, लहानपणी शाळेतून तिच्या कबरीपाशी नेलं होतं. "तुमच्याच गावची होती का हो ती?" त्यांनी विचारलं. तिचं गाव मलाच काय, धड तिलाही सांगता आलं नसेल.

पाच मे उजाडला. मिशिगनमध्ये या दिवसांत झाडांना नुकती पालवी फुटते आणि सकाळी गाडीच्या काचेवर कधी कधी हिमाची पापुद्री असते. मोठ्या कॉन्फरन्स रूममध्ये पताका बांधल्या. वातानुकूलनाच्या झरोक्यातून वारा आला की सगळे मोर एकदम फडफडायचे.

प्रत्येक पदार्थासमोर घटकांची चिठ्ठी ठेवायची असा ऑफिसचा नियम. ग्वाकामोलेची चिठ्ठी आईने सांगितली आणि मी घाईत टाइप केली : अॅव्होकाडो, कांदा, लिंबू, मिरची, सांबार. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. आमच्या चेन्नईच्या सहकाऱ्याला माहीत नव्हतं. तो बराच वेळ चमच्याने ग्वाकामोले उकरत डाळ शोधत होता.

मुलांसाठी एक पिन्याता केला होता. मूळचा पिन्याता म्हणजे मातीचं मडकं, वरून रंगीत कागद आणि सात शिंगं. शिंगं म्हणजे सात पापं. डोळ्याला पट्टी बांधून काठीने ते फोडायचं की खाऊचा पाऊस. म्हणजे अर्धी दहीहंडी आणि अर्धी आंधळी कोशिंबीर. आम्ही फुग्यावर वर्तमानपत्रं चिकटवून केला. खाऊची मात्र पंचाईत झाली : गोळ्यांत जिलेटिन, चॉकलेटात दूध, चिक्कीत शेंगदाणे आणि शेंगदाण्यांची दोघांना अॅलर्जी. शेवटी देशी दुकानातून तिखटमीठ लावलेल्या चिंचेच्या गोळ्या आणल्या. सातवं पाप टेस्टिंगच्या दाढीवाल्याने फोडलं. गोळ्या गालिच्यावर विखुरल्या, मुलांच्या आधी पुएब्लाकर बाई खाली वाकल्या. एक सोलून तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

"तामारिंदो," त्या म्हणाल्या. "ही आमच्या शाळेबाहेरची गोळी. तुमच्याकडे कशी?"

अरबांनी चिंचेला 'हिंदचा खजूर' म्हटलं, तमर हिंदी. तोच शब्द स्पॅनिश काळात चिंचेसोबत मेक्सिकोला गेला. तिथे तिला मिरची भेटली. इकडे मिरची आली, तिला चिंच भेटली. दोन्ही किनाऱ्यांवर शाळेबाहेर बसणाऱ्या बायकांनी एकमेकींना न विचारता तीच गोळी वळली.

मग आईने त्यांच्या हातावर राजगिऱ्याचा लाडू ठेवला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "आलेग्रिया," म्हणाल्या.

शब्दाचा अर्थ मी विचारला. "आनंद," त्या म्हणाल्या. मी आईला सांगितलं, आई, त्यांना आनंद झाला. बाई हसायला लागल्या. नव्हे, या लाडवाचंच नाव ते. राजगिरा फोडून पाकात थापतात त्या मिठाईला त्यांच्याकडे 'आनंद' म्हणतात, रस्त्यावर विकतात. पूर्वी तिथे राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती घडवून त्यांचा प्रसाद वाटत. स्पॅनिश पाद्र्यांना ते आपल्या प्रसादाचं विडंबन वाटलं, त्यांनी ते मोडून काढलं. शेतातून राजगिरा जवळजवळ गेलाच. तेवढ्यात तो आपल्याकडे येऊन एकादशीला बसला होता.

बाईंनी लाडू खाल्ला, दुसरा रुमालात बांधून घेतला आणि आईला विचारलं, "कृती द्याल?" त्यांच्याच घरची कृती, त्या वर्ध्याच्या बाईला विचारत होत्या. आईने दिली. त्यात काही विचित्र आहे असं दोघींपैकी एकीलाही वाटलं नाही.

त्या रविवारी मी आईला डेट्रॉईटच्या कलासंग्रहालयात नेलं. आमच्या घरापासून पाऊण तासावर. तिथे एका दालनाच्या चारी भिंतींवर दिएगो रिव्हेरा या मेक्सिकन चित्रकाराने १९३२-३३ मध्ये सत्तावीस भित्तिचित्रं काढली, एडसेल फोर्डच्या पैशाने. विषय, मोटारीचा कारखाना. भट्ट्या, पट्टे, इंजिनं, आणि वाकलेली, ओढणारी, ठोकणारी शेकडो माणसं. आमच्या ऑफिसचे आजोबा म्हणायचे. पूर्वेच्या भिंतीवर कंदाच्या गर्भात झोपलेलं एक बाळ आणि दोन्ही बाजूंना फळं-धान्य धरलेल्या बाया. त्यांच्या अंगावर कपडे नसल्यामुळे आईने बाळाकडेच पाहिलं. मग ती बाकावर बसली आणि कारखान्याच्या भिंतीकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

"एवढी माणसं कामाला लागली आहेत," शेवटी म्हणाली. "यांना जेवायला कोण वाढून राहिलं, ते नाही काढलं त्यानं."

मला एकदम आठवलं. काढलंय, म्हटलं, पण इथे नाही. इथे येण्याच्या चारेक वर्षं आधी याच माणसाने मेक्सिकोच्या राजधानीत, शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर एक पंगत काढली आहे. मेजाभोवती गरीब माणसं, बायका, मुलं, आणि मधोमध एक पुरुष पाव मोडून वाटतो आहे. त्या पुरुषाचा चेहरा पांडुरंग खानखोज्यांचा आहे, असं सांगतात.

"खानखोजे?" आई माझ्याकडे वळली. "आपल्या वर्ध्याचे?"

तेच. १८८४ चा जन्म. क्रांतिकारक. विशीत देश सोडला, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत शिरले, इराणच्या वाळवंटापासून कुठे कुठे भटकले, आणि १९२०च्या दशकात मेक्सिकोत पोचले. चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवू लागले. मक्याच्या नव्या जाती काढल्या, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. मेक्सिकन माणसाला मका शिकवायला वर्ध्याहून एक माणूस गेला होता, आणि त्यांनी त्याला पाहुणा न म्हणता पंगतीच्या मधोमध बसवून त्याच्या हातात पाव दिला होता. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले.

आईने हे सगळं ऐकलं. वर्ध्याला त्यांच्याबद्दल ऐकलं होतं, पण मेक्सिको म्हणजे तिच्या मनात तेव्हा नुसतं लांब होतं.

"तू त्या बाईला सांगितलं?"

"नाही. आत्ताच आठवलं."

"मग सांग उद्या. म्हणा, आमच्याकडचा एक माणूस तुमच्याकडे वाढपी होता." थोड्या वेळाने म्हणाली, "अन् लाडवात गूळ थोडा जास्त झाला होता, तेही सांग."

सोमवारी दोन्ही सांगितलं. पुएब्लाकर बाईंनी फोनवर ते चित्र शोधून काढलं, पाव मोडणाऱ्या माणसाचा चेहरा बोटांनी मोठा केला, आणि बराच वेळ पाहून म्हणाल्या, "याला मी लहानपणी पाहिलंय. आमचाच कोणी वाटला होता."

जूनमध्ये आई परत निघाली. बॅगेचं वजन काट्यावर तेवीस किलोंच्या वर जात होतं, म्हणून मी आतून एकेक वस्तू काढत होतो. तळाशी, दोन साड्यांच्या मध्ये, सुतळीसकट गुंडाळलेल्या पताका होत्या. मोर, कोयऱ्या, पोपट.

"या तरी ठेव इथे," मी म्हणालो. "पुढच्या पाच मेला लागतील."

"पुढच्या वर्षी दुसऱ्या कर," आई म्हणाली आणि बॅगेची चेन ओढली. "या महालक्ष्म्यांना होतील."